आजींचा ट्रॅक : एका शनिवारचा घटनाक्रम

१२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचं मातीचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरणही गेलं आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांमध्ये शिरलं. तो पूर डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणींवरचा पॉडकास्टचा एक भाग १२ जुलै २०२५ ला प्रसिद्ध करायचा बेत होता. बोलणारी माणसं तीन, ठिकाणं तीन. सूत्रसंचालक पुण्यात. पहिल्या पाहुण्या ७८ वर्षांच्या आजी, मूळच्या नारायण पेठेतल्या, हल्ली न्यू जर्सीतल्या एडिसनला लेकीकडे असतात. दुसरे पाहुणे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले ७४ वर्षांचे इंजिनिअर काका. त्यांचं बालपण कसबा पेठेत गेलं, आता मुक्काम चिपळूणला. रेकॉर्डिंग झालं की फायली माझ्याकडे यायच्या आणि त्यांचं संकलन मी करायचं, असं ठरलं होतं.

रेकॉर्डिंगचा दिवस शनिवार, ५ जुलै. त्या दिवशी काय कसं घडलं ते मी नंतर जुळवत गेलो : ग्रुपवरचे निरोप, फायलींवरच्या वेळा, आणि प्रत्येकाने मागाहून सांगितलेली हकीकत. खाली दिलेल्या सगळ्या वेळा भारतातल्या आहेत. उन्हाळ्यात एडिसनचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं. घात झाला तो रात्री ९ वाजून २० मिनिटांनी.

दुपारी ३.२० : सहा तास आधी

सूत्रसंचालकाने ग्रुपवर रेकॉर्डिंगची लिंक टाकली आणि खाली सूचनांचा एक लांब निरोप. लॅपटॉप चार्जरला लावा, पंखा बंद करा, इअरफोन घाला, अमुक ब्राउझर वापरा. संपल्यावर टॅब बंद करू नका ही सूचना यादीच्या तळाशी होती. एडिसनला तेव्हा पहाटेचे ५.५० झाले होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी जोडून आलेली, घर पाहुण्यांनी भरलेलं, सगळे झोपेत. ते उठेपर्यंत त्या निरोपाखाली काकांनी पुराचे जुने फोटो टाकले, त्यावर आणखी चार जणांचं बोलणं झालं, आणि सूचना वर सरकत दिसेनाशा झाल्या.

प्रत्येकाच्या आवाजाचा वेगळा ट्रॅक कशासाठी घ्यायचा हे इथेच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. साध्या व्हिडिओ कॉलमध्ये पाहुण्याचा आवाज इंटरनेटवरून येताना दाबून लहान केला जातो. वाटेत त्याचे काही तुकडे हरवले तर यंत्र अंदाजाने ती जागा भरून काढतं. कॉल करायला एवढं पुरतं. पण तोच कॉल रेकॉर्ड केला की भरलेल्या जागा आणि तुटलेले शब्द कायमचे त्यात राहतात, आणि बहुतेक वेळा सगळ्यांचे आवाज एकाच फायलीत मिसळून जातात. यावर उपाय एकच : ज्याचा आवाज त्याच्याच टेबलावर, त्याच्याच यंत्रात मुद्रित करायचा आणि ती फाईल नंतर मागवायची. मग आजी बोलत असताना काकांकडे कुकरची शिट्टी झाली तर तेवढ्यापुरता काकांचा ट्रॅक बंद करायचा. आजींच्या वाक्याला धक्का लागत नाही.

इंटरनेटच्या आधीही रेडिओवाले हे करत होते. पाहुणा दुसऱ्या शहरात असला तर तिथला ध्वनिमुद्रक त्याच्या घरी जाई. पाहुणा फोनवर मुलाखतकाराशी बोले, आणि त्याचवेळी तोंडासमोर धरलेल्या माईकवर त्याचा आवाज जागेवरच टेपवर घेतला जाई. दोन टोकांच्या दोन टेपा मग स्टुडिओत जुळवल्या जात. आता त्या ध्वनिमुद्रकाचं काम पाहुण्याच्या ब्राउझरवर सोपवलेलं असतं. आवाज आधी पाहुण्याच्या लॅपटॉपमध्ये साठतो आणि तुकड्या-तुकड्यांनी रेकॉर्डिंग सेवेच्या सर्व्हरवर चढत जातो. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर ही पद्धत घरोघरी पोचली. ती चांगलीच आहे, मी तिच्यावर रोजचं काम करतो. फक्त पूर्वी तिथे एक माणूस बसलेला असायचा. टेप खोक्यात घालून, वर नाव लिहून, ती हातात घेतल्याशिवाय तो पाहुण्याच्या घरातून हलत नसे.

संध्याकाळी ५.०५ : सव्वाचार तास आधी

चिपळूणला लाईट गेली. जुलैतला कोकणातला पाऊस, त्यात नवल काही नाही. काकांकडे इन्व्हर्टर आहे, पण राऊटर त्या लाईनवर नाही. काकांनी ग्रुपवर कळवलं, "काळजी नसावी, मोबाईलचं इंटरनेट लावतो." गळ्यात घालायचा ब्लूटूथ इअरफोनही दाखवला. तो त्यांनी चार्जिंगला लावला होता, पण ज्या प्लगला लावला तोही इन्व्हर्टरच्या लाईनवर नव्हता.

संध्याकाळी ६.२० : तीन तास आधी

एक निर्णय झाला, तेव्हा तो कुणाला मोठा वाटला नाही. भाग आवाजाचाच असणार होता, तरी जाहिरातीच्या छोट्या तुकड्यांसाठी व्हिडिओही घ्यावा असं ठरलं. सेवेत तशी सोय होती, एक बटण दाबायचं.

त्या बटणाचा हिशोब मांडतो. एका माणसाचा आवाज ४८,००० नमुने प्रति सेकंद आणि १६ बिट या दर्जाने, न दाबता साठवला तर सेकंदाला ९६ किलोबाइट लागतात. ८५ मिनिटांचे होतात ४९० मेगाबाइट. याच वेळेचा चांगल्या प्रतीचा व्हिडिओ, सेकंदाला ५ मेगाबिट धरला, तर सव्वातीन गिगाबाइटच्या आसपास जातो. दोन्ही एकाच वाटेने वर चढायचं असतं. घरगुती इंटरनेटचा खाली उतरवण्याचा वेग मोठा आणि वर चढवण्याचा वेग पुष्कळदा त्यापेक्षा बराच कमी असतो. त्यात सुट्टीचं घर, प्रत्येकाच्या हातात फोन. आजींचा आवाज एकटा असता तर बोलणं संपता संपता सर्व्हरवर पोचला असता. आता तो व्हिडिओच्या सहा-सातपट ओझ्यासोबत रांगेत उभा राहणार होता.

संध्याकाळी ७.१५ : दोन तास पाच मिनिटं आधी

चाचणी. एडिसनला सकाळचे पावणेदहा. आजींच्या नातीने स्वतःचा लॅपटॉप स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत मांडला. तिच्या ब्राउझरमध्ये तिच्या कॉलेजचं खातं उघडं होतं, त्यामुळे लिंक दाबली की पडद्यावर तिचंच नाव येत होतं. आजींचं नाव यावं म्हणून तिने खासगी खिडकी उघडली, इन्कॉग्निटो म्हणतात ती. त्यात आजींचं नाव लिहिलं आणि सगळं सुरळीत चाललं. मुलीने केलं ते कुणीही समजूतदार माणूस करेल असंच होतं.

पण खासगी खिडकीचा एक धर्म आहे. तिच्यात साठवलेलं सगळं ती मिटली की पुसलं जातं. तेवढ्यासाठीच ती बनवलेली असते. एरवीच्या खिडकीत चुकून टॅब मिटला तरी मुद्रित आवाज लॅपटॉपमध्ये पडून राहतो, आणि त्याच ब्राउझरमध्ये लिंक पुन्हा उघडली की राहिलेलं चढवणं पुढे सुरू होतं. खासगी खिडकीत तो दोर उरत नाही. पुण्यात बसलेल्या सूत्रसंचालकाला आजी कुठल्या खिडकीत आहेत हे दिसत नव्हतं.

त्यानंतर संपूर्ण दिवसातला निर्णायक संवाद झाला. तो चाचणीच्या फाईलमध्ये आहे, म्हणून शब्दशः देता येतो.

"आजी, तुमच्या फोनवर व्हॉइस रेकॉर्डर असेल ना? तो लावून शेजारी ठेवू या का? म्हणजे एक जादाची प्रत राहील."

नातीने फोन घेतला. "दादा, हिचा फोन फुल आहे. जागाच नाही म्हणतोय."

"व्हिडिओ आले असतील सगळे," आजी म्हणाल्या. "काढायचे का?"

"राहू दे आजी, उशीर होतोय. इथे होतंच आहे रेकॉर्ड."

बोलण्याच्या रेकॉर्डिंगला फोन फार जागा घेत नाही. ६४ किलोबिटच्या दर्जाने ८५ मिनिटांना ४१ मेगाबाइट पुरतात. ग्रुपवर फिरत आलेले सुप्रभातचे दोन-चार व्हिडिओ काढले असते तर भागलं असतं.

संध्याकाळी ७.४० : एक तास चाळीस मिनिटं आधी

रेकॉर्डिंग सुरू झालं. तिघांनी टाळी वाजवली. नंतर ट्रॅक जुळवताना अशा टाळीचा टोकदार ठसा उपयोगी पडतो. पहिली पन्नास मिनिटं मी आता कितीदा तरी ऐकली आहेत आणि ती उत्तम आहेत. आजी लॅपटॉपच्या जवळ बसल्या होत्या, नातीचे वायरचे इअरफोन घातले होते, त्यांचा माईक गळ्यापाशी. आवाज स्वच्छ, शब्दांची टोकं शाबूत. १४ वर्षांच्या मुलीने पाहिलेली ती सकाळ : रस्त्यावरची धावपळ, धरण फुटलं म्हणून सायकलवरून ओरडत गेलेला माणूस, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला उचलून नेताना वडिलांची झालेली ओढाताण, पर्वतीच्या दिशेने निघालेली गर्दी. पाणी ओसरल्यावर वाड्यात साचलेल्या चिखलाचं वर्णन त्या करतात तेव्हा मध्येच थांबतात. तो थांबा चार सेकंदांचा आहे. वेगळ्या ट्रॅकवर त्या थांब्यात त्यांचा श्वास ऐकू येतो. कॉलच्या मिसळलेल्या आवाजात तिथे काहीही नाही, कारण गोंगाट काढणारी यंत्रणा शांततेला गोंगाट समजून पुसून टाकते.

रात्री ८.२२ : ५८ मिनिटं आधी

काका गेले. मोबाईलची रेंज पडली. दोन मिनिटांनी परत आले, आणि त्याच सुमाराला त्यांचा इअरफोन बंद पडला. प्लगला लाईट नव्हती, चार्जिंग झालंच नव्हतं. काका बिनइअरफोनचे, लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकत आणि लॅपटॉपच्याच माईकवर बोलत पुढे सुरू झाले. "येतोय ना आवाज?" त्यांनी विचारलं. येत होता. कुणी अधिक विचारलं नाही.

एरवी याने फार बिघडलं नसतं. स्पीकरमधून निघालेला आजींचा आवाज काकांच्या माईकमध्ये शिरू नये म्हणून प्रणाली तो ओळखून वजा करते, आणि हे करताना काकांचा आवाजही थोडा कुरतडला जातो. दोघं एकदम बोलू लागले तर तिची जास्तच तारांबळ होते आणि कुणाचा तरी आवाज दाबला जातो. प्रत्येकाचा स्वतंत्र ट्रॅक हाताशी असेल तर संकलक यातून वाट काढतो.

रात्री ८.३२ : ४८ मिनिटं आधी

हा क्षण त्या वेळी कुणाला दिसला नाही, नंतर फायलींवरून कळला. शेवटी सर्व्हरवर आजींच्या आवाजाचे जेवढे तुकडे पोचले ते इथपर्यंतचे होते. यापुढे त्या जे काही बोलल्या ते फक्त एडिसनच्या त्या लॅपटॉपच्या त्या खिडकीत होतं.

रात्री ८.४७ : ३३ मिनिटं आधी

सूत्रसंचालकाने विचारलं, "आजी, तुमच्या वाड्यात किती बिऱ्हाडं होती?"

प्रश्न साधा होता. आजी मोजू लागल्या. दिंडी दरवाजातून आत आलं की डाव्या हाताला कोण, त्यांच्यात माणसं किती, चौकातल्या नळाशेजारी कोण, जिन्याखालच्या खोलीत एकटी राहणारी बाई कोण, माडीवर कोण. प्रत्येक बिऱ्हाडाबरोबर पुरानंतर ते कुठे गेलं हेही त्या सांगत होत्या. कुणी गोखलेनगरला पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या अर्धगोल निस्सेन हटमध्ये, कुणी गावाकडे, कुणी पुन्हा कधी दिसलंच नाही. तो वाडा उरलेला नाही. त्यातली माणसं कोण होती हे एका दमात, दारापासून माडीपर्यंत सांगू शकणाऱ्या आजी बहुधा शेवटच्या.

चौकातल्या नळापाशी आजी पोचल्या तेव्हा काकांना राहवलं नाही. पुढची सहा मिनिटं ते धरणाच्या बांधकामाबद्दल बोलत राहिले. जे बोलले ते मोलाचं आहे. आयुष्य धरणांच्या कामात घालवलेल्या माणसाने आपल्या लहानपणीच्या पुराकडे मागे वळून पाहिलेलं आहे, आणि त्यांचा ट्रॅक पूर्ण आला. पण आजी थांबल्या नाहीत. त्या आपल्या गतीने नावं सांगत राहिल्या, काका आपल्या गतीने. सूत्रसंचालकाने कुणालाही अडवलं नाही, आणि त्यात वावगं काही नव्हतं. दोघांचे ट्रॅक वेगळे होत आहेत, संकलनात आधी आजी आणि मग काका असं लावता येईल, असा त्याचा हिशोब होता. वेगळ्या ट्रॅकवर काम करणारा प्रत्येक जण असाच हिशोब करतो. बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मध्येच तोडू नये यासाठीच तर ही सगळी खटपट.

दोघं एकदम बोलत असताना सुटे ट्रॅक असणं म्हणजे काय, याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात भव्य उदाहरण अपोलो मोहिमांचं आहे. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात डझनावारी माणसं एकाच वेळी वेगवेगळ्या वाहिन्यांवर बोलत असत, आणि ते बोलणं ३० ट्रॅकच्या टेपांवर सुटं सुटं मुद्रित होत असे. पुढे टेक्सास विद्यापीठाच्या डॅलसमधल्या संशोधकांनी ते डिजिटल करायचं ठरवलं तेव्हा त्या टेपा वाचू शकणारं जुनं यंत्र एका वेळी एकच ट्रॅक वाचत होतं. त्यांनी ३० ट्रॅक एकदम वाचणारं हेड बनवून घेतलं आणि १९,००० तासांचं बोलणं सोडवलं. आज कुणीही त्यातल्या एका माणसाचा आवाज उचलून ऐकू शकतो, बाकीचे बोलत असतानासुद्धा. त्या कामात अर्धशतकानंतर यश आलं ते केवळ मूळ मुद्रण सुटं होतं आणि टेपा जपल्या होत्या म्हणून.

आजींची बिऱ्हाडं सांगून झाली तेव्हा ८.५४ झाले होते.

रात्री ९.०५ : १५ मिनिटं आधी

रेकॉर्डिंग थांबवलं. आभार झाले. आजी खुशीत होत्या, "इतकं कधी कुणी विचारलंच नव्हतं रे," म्हणाल्या. हे वाक्य सूत्रसंचालकाच्या फोनवर आहे, कारण गप्पा नंतर तिथे चालू राहिल्या. पडद्यावर आजींच्या नावापुढे ५८ टक्के लिहून आलेलं होतं.

"आजी, एक करा, लॅपटॉप तसाच राहू द्या. टॅब बंद करू नका, वरती चढतंय अजून."

"हो हो, तसाच ठेवते."

आजींनी शब्द पाळला. त्या उठल्या आणि लॅपटॉपला हातही न लावता खोलीबाहेर गेल्या. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी होती. साबुदाणा, दाणे, रताळी आणायला लेक दुकानात निघाली होती आणि आजींना बरोबर जायचं होतं. नात या बोलण्याच्या वेळी खोलीत नव्हती.

रात्री ९.१२ : आठ मिनिटं आधी

नातीने खोली आवरली. लॅपटॉपचं झाकण लावलं आणि तो आपल्या खोलीत नेला. झाकण लावलं की लॅपटॉप झोपतो आणि चढवणं थांबतं. पुण्यात आकडा ६१ वर अडकला. सूत्रसंचालकाला वाटलं, नेट मंद असेल. त्याने आजींच्या फोनवर निरोप टाकला. फोन आजींच्या पिशवीत होता आणि पिशवी गाडीत.

अजूनही काही गेलेलं नव्हतं. झाकण उघडून तसंच ठेवलं असतं तर उरलेले ३९ टक्के हळूहळू वर चढले असते.

रात्री ९.२०

नातीने लॅपटॉप उघडला. समोर मुलाखतीची खिडकी होती, कॉल संपल्याचं पान दाखवत. तिला स्वतःचं काम करायचं होतं. तिने खिडकी बंद केली.

खिडकी मिटताना ब्राउझरने काही विचारलं का, हे तिला आठवत नाही. आणि विचारलं असतं तरी मुलाखत संपलेली होती, तिच्या दृष्टीने तिथे जपण्यासारखं काही उरलं नव्हतं. या घटनेचा दोष मी त्या मुलीवर एका शब्दानेही ठेवत नाही. आपल्या आजीसाठी सुट्टीच्या सकाळी तिने सगळं मांडून दिलं होतं.

रात्री ९.४५ नंतर

पावणेदहाला आजींच्या लेकीचा फोन लागला, दहाला नातीचा. लिंक पुन्हा उघडली गेली, दोन्ही प्रकारच्या खिडक्यांत. काही नव्हतं. साडेअकराला फायली माझ्याकडे आल्या : सूत्रसंचालकाचा पूर्ण ट्रॅक, काकांचे दोन तुकड्यांत दोन ट्रॅक, आजींचा ५२ मिनिटांचा ट्रॅक, आणि सेवेने आधारासाठी ठेवलेली मिसळलेल्या आवाजाची एक फाईल.

शेवटची ३३ मिनिटं या मिसळलेल्या फाईलमध्ये आहेत. त्यातली ज्या वेळी आजी एकट्या बोलतात ती वापरता आली. आवाज दबका आहे, पण शब्द कळतात. आठ वाजून ४८ ते ५४ या सहा मिनिटांचं काही करता आलं नाही. आवाज सुटे करणारी नवी साधनं मी लावून पाहिली. पार्श्वभूमीचा गोंगाट काढण्यात ती हुशार आहेत. दोन माणसांचे आवाज, दोन्ही इंटरनेटवरून दाबून आलेले, एकावर एक चढलेले, आणि त्यातला एक इको काढणाऱ्या यंत्रणेने जागोजागी पुसलेला : यातून ती जे बाहेर काढतात ते आजींच्या आवाजासारखं लागतं, पण त्यातलं आडनाव कुठलं हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. एका ठिकाणी साधनाने स्वच्छ आडनाव ऐकवलं. ते मी वापरलं नाही. खऱ्या वाड्यातल्या खऱ्या कुटुंबाचं नाव यंत्राच्या अंदाजाने लिहायचं नसतं.

काकांच्या माईकमध्ये आजींचा स्पीकरवरचा आवाज सापडेल अशी आशा होती, कारण त्यांच्या कानाला इअरफोन नव्हता. पण नेमका तोच आवाज यंत्रणेने वजा केलेला. काका श्वास घ्यायला थांबतात तिथे अर्धे शब्द ऐकू येतात. "नळापाशी" हा एक पूर्ण.

मंगळवारी आजींनी पुन्हा बसायची तयारी दाखवली. या वेळी साधी खिडकी, व्हिडिओ बंद, आणि नातीचा फोन शेजारी रेकॉर्डर लावून ठेवलेला. तांत्रिकदृष्ट्या हे रेकॉर्डिंग निर्दोष झालं. आजींनी पाच बिऱ्हाडं सांगितली. शनिवारी त्या सात मिनिटं सांगत होत्या, मंगळवारी दोन मिनिटांत संपवलं. जिन्याखालच्या खोलीतल्या बाईंचं नाव त्या दिवशी त्यांना आठवलं नाही. सूत्रसंचालकाने हळूच आठवण करून दिली तर म्हणाल्या, "सांगितलं होतं का मी? असेल. आता नाही येत डोक्यात." भाग ठरल्या दिवशी, १२ जुलैला प्रसिद्ध झाला. त्यात मंगळवारची दोन मिनिटं आहेत.

माझं मत स्पष्ट आहे. वेगळा ट्रॅक घेणं पुरेसं नाही, तो पाहुण्याच्या घरात दोन यंत्रांवर घ्यायला हवा. फोनवरचं जादाचं रेकॉर्डिंग दर्जाने थोडं कमी असतं आणि त्याचं घड्याळ लॅपटॉपच्या घड्याळाशी तंतोतंत जुळत नाही. तासाभरात ते सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास सरकतं, पण सुरुवातीला आणि शेवटी टाळी असेल तर हे सरकणं संकलकाला सहज निस्तरता येतं. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, टेबलावर रुमाल घालून त्यावर ठेवायचा, विमान मोडवर टाकायचा. सुरू करून द्यायची जबाबदारी पाहुण्याची नाही, बोलावणाऱ्याची आहे. फोनमध्ये जागा नसेल तर ती होईपर्यंत मुलाखत थांबवायची, उशीर झाला तरी. टॅब उघडा ठेवण्याची सूचना लॅपटॉप ज्याचा आहे त्याला द्यायची, जो बोलतो त्याला नाही. आणि पडद्यावर शंभर टक्के दिसेपर्यंत फोनवर गप्पा चालू ठेवायच्या.

तुमच्या घरात पानशेतचा पूर पाहिलेलं, कोयनेचा भूकंप सोसलेलं, गिरणीचा भोंगा ऐकून उठलेलं कुणी असेल तर त्यांचं बोलणं पॉडकास्टसाठी असो वा नुसतं घरासाठी, या महिन्यात नोंदवून घ्या. दोन यंत्रांवर घ्या. झाल्यावर दोन्ही फायली उघडून, शेवटचं वाक्य ऐकून, मगच त्यांना खुर्चीतून उठू द्या.